मुलामागे जाणारी अंगणवाडी

दसरा झाला की जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतल्या गावांत ट्रॅक्टर लागायला सुरुवात होते. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. आता ती फेडायला ऊस तोडण्यासाठी सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकात जायचं. पिठाचं पोतं, भांडी, गोधड्या, एखादी शेळी, कोंबड्या, सगळं ट्रॉलीत चढतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. म्हणजे हिशेबात दोन माणसांचं एक हत्यार होतं. आणि मुलं? ती कुठल्याच हिशेबात नसतात. ती पोत्यावर बसून जातात.

समजा, त्या ट्रॉलीत सोळा महिन्यांची एक मुलगी आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस तिला नवव्या महिन्यात मिळाला, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा आहे. जीवनसत्त्व ‘अ’चा पुढचा डोस याच महिन्यात येतो. भाद्रपदात तिला जुलाब झाले आणि तेव्हापासून वजन हललेलं नाही. या तीन गोष्टी जगात किती जणांना ठाऊक असतील? आईला, आणि गावच्या अंगणवाडी सेविकेला. ट्रॅक्टर गावाची वेस ओलांडतो आणि त्या दोघींतली एक मागे राहते.

आता प्रश्न असा, की बारा कोटींच्या राज्याला या एका मुलीच्या दंडाची जाडी माहीत असावी, ती चारशे किलोमीटरवर गेली तरी माहीत असावी, आणि तिला नेमकं तिच्या मापाचं खाणं तिथं मिळावं, अशी अपेक्षा करणं हा वेडेपणा आहे का? ऐकायला वाटतो खरा. पण या वेडेपणाचे बहुतेक सुटे भाग कधीच तयार झालेले आहेत, आणि एकेक भाग हातात घेऊन पाहिला की थक्क व्हायला होतं.

मुळापासून सुरू करू. एखादं मूल इतरांपेक्षा वेगळं आहे, त्याला काहीतरी वेगळं द्यायला हवं, हे ओळखायचं कसं? डोळ्यांनी? डोळा फार लबाड असतो. ज्या गावात बहुतेक मुलं किरकोळ अंगाची, तिथं किरकोळ मूल अगदी ठीक दिसतं. ‘आमच्याकडची अंगकाठीच अशी’ हे वाक्य मराठवाड्यात कुठल्याही ओट्यावर ऐकायला मिळेल, आणि ते म्हणणारी आजी खोटं बोलत नसते. तिनं आयुष्यभर तेवढीच मुलं पाहिलेली असतात.

मग खरी अंगकाठी कोणती? हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात प्रत्यक्ष मोजून सोडवला. दिल्ली, ऑस्लो, मस्कत, आक्रा, ब्राझीलमधलं पेलोटास आणि अमेरिकेतलं डेव्हिस या सहा ठिकाणची सुमारे साडेआठ हजार मुलं निवडली. अट एकच: घरात खायला पुरेसं, आईचं दूध मिळतंय, आई विडी-सिगारेट ओढत नाही, आजारपणात डॉक्टर आहे. म्हणजे वाढीला अडवणारं काही नाही. मग ही मुलं कशी वाढतात ते टिपत गेले.

निकाल काय आला? नॉर्वेतलं गोरंपान बाळ आणि दक्षिण दिल्लीतलं बाळ पहिली पाच वर्षं जवळजवळ एकाच रेषेवर वाढतात! मुलांच्या उंचीत जो काही फरक सापडला, त्यातला जेमतेम तीन टक्के देशादेशांतला होता. एकाच गावातल्या दोन मुलांमधला फरक मात्र सत्तर टक्क्यांच्या घरात. पुन्हा वाचा, कारण इथं दोन धक्के एकत्र आहेत. एक, पाच वर्षांखालच्या मुलाला ‘आमच्याकडची अंगकाठी’ असं काही नसतं. घनसावंगीच्या मुलीचा हक्क ऑस्लोच्या मुलीइतक्याच उंचीवर आहे. दोन, माणसं वेगळी असतात ती देशानं किंवा जातीनं नव्हे, एकेकटी वेगळी असतात. एकेका मुलाला वेगळं पाहायचं तर आधी साऱ्या जगाच्या मुलांची मिळून एक रेघ काढावी लागली. ही रेघ २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि काही वर्षांत आपल्या अंगणवाड्यांच्या भिंतीवर आली.

वजन, उंची, वय. सेविकेकडे एवढे तीनच आकडे असतात. पण तिन्हींच्या जोड्या लावल्या की तीन वेगळी उत्तरं निघतात. वयाच्या मानानं उंची कमी असेल तर उपासमार जुनी आहे, कदाचित आईच्या पोटातली. उंचीच्या मानानं वजन कमी असेल तर काहीतरी अलीकडे, गेल्या काही आठवड्यांत घडलंय. वयाच्या मानानं वजन कमी असेल तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं, खोलात शिरायला हवं. दहा मिनिटांचं काम, आणि मुलाच्या भूतकाळाचा पत्ता लागतो. यात सगळ्यांत अवघड आकडा कोणता माहीत आहे? वय. जन्मतारीख कार्डावर नसेल तर सेविका विचारते, पोळ्याच्या आधी झाली की नंतर? तेव्हा सोयाबीन काढायला आलं होतं का? गौरी बसल्या होत्या का? आणि या सणांच्या खुंट्यांवरून ती महिना पक्का करते.

एकदा वजन घेऊन भागत नाही. वाढीचा तक्ता गावोगाव नेला तो डेव्हिड मॉर्ले या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं. १९५० च्या दशकात तो नायजेरियातल्या एका खेड्यात काम करत होता. त्याला दिसलं, की ठिपका कुठं आहे यापेक्षा रेघ कुठं चालली आहे हे महत्त्वाचं. विहिरीचं जसं असतं: पाणी वीस फुटांवर आहे यावरून जालन्याचा शेतकरी काही बोलणार नाही, पण गेल्या आठवड्यापेक्षा किती उतरलं हे कळलं की मोसंबी वाचणार की नाही ते सांगेल. मुलाची रेघ आडवी झाली, म्हणजे वजन घटलं नाही पण वाढलंही नाही, तरी घंटा वाजली. अशा वेळी मूल दिसायला छान असतं, हसतं, खेळतं. आजार दिसण्याआधी आजाराचा मागमूस काढणारं हे साधन म्हणजे चौकटी आखलेला एक जाड कागद!

मॉर्लेची दुसरी करामत मला पहिलीहून मोठी वाटते. तो कागद त्यानं दवाखान्याच्या कपाटात ठेवला नाही, आईच्या हातात दिला. साहेबांच्या फायली हरवतात. आई मात्र ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीखाली ठेवते. आज आपल्याकडच्या माता-बालक संरक्षण कार्डात हाच तक्ता छापलेला असतो. ट्रॉलीतून कोल्हापूरला जाणारी सरकारची सर्वांत भरवशाची फाइल अजूनही तीच आहे.

आणि वजनकाटा नसेल तर? फडात कुठून आणणार काटा? इथं ती प्रसिद्ध पट्टी येते, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगाची. मुलाचा डावा हात घ्यायचा, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध खूण करायची, हात सैल सोडायचा, पट्टी गुंडाळायची. घट्ट नाही, ढिली नाही. खिडकीत आकडा दिसतो. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की लाल: तीव्र कुपोषण, म्हणजे अंगणवाडीच्या बोलीत ‘सॅम’. साडेअकरा ते साडेबारा पिवळं: मध्यम कुपोषण, ‘मॅम’. त्यापुढे हिरवं.

पण थांबा. सहा महिन्यांच्या बाळाला आणि साडेचार वर्षांच्या घोडदौड करणाऱ्या पोराला एकच पट्टी कशी चालेल? वय विचारायचंच नाही? नाही विचारायचं! या वयात बाळाची गुबगुबीत चरबी झडत जाते आणि तिच्या जागी स्नायू भरत जातात, त्यामुळे दंडाचा घेर फारसा बदलत नाही. हाडं लांब होतात, पाय लांब होतात, डोकं मोठं होतं, दंड मात्र तसाच. देहानं जणू एक जागा मुद्दाम मापण्यासाठी सोडली आहे. १९७४ मध्ये बगदादच्या शाकिर नावाच्या डॉक्टरनं याच मॉर्लेबरोबर त्या घेराला रंग दिले, आणि अक्षरओळख नसलेल्या आईलाही स्वतःच्या मुलाचं निदान करता येऊ लागलं. ही पट्टी घरी न्यायला मिळते तेव्हा तिची किंमत एखाद्या चहाइतकीही नसते.

आपली सोळा महिन्यांची मुलगी साडेसहा किलोची आहे, पट्टी लाल दाखवते. आता पुढे काय? इथून प्रत्येक मुलाचा रस्ता वेगळा होतो, आणि फाटा फोडणारी चाचणी इतकी साधी आहे की हसू यावं. तिच्यापुढे मोजून खाणं ठेवायचं आणि आईच्या मांडीवर, शांतपणे, बळजबरी न करता ती किती खाते ते पाहायचं. भूक चाचणी म्हणतात तिला. खाल्लं, तर आतली यंत्रणा चालू आहे. सूज, ताप अशी दुसरी लक्षणं नसतील तर उपचार गावातच, ग्राम बाल विकास केंद्रात होतील. तोंड फिरवलं, तर आत कुठंतरी जंतुसंसर्ग दबा धरून असू शकतो, आणि तिला दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायलाच हवं. तीव्र कुपोषित मुलाला कधीकधी ताप चढवण्याइतकीही ताकद नसते. मग थर्मामीटर गप्प बसतो आणि भूक बोलते.

खाणंही तिच्याच मापाचं. किलोला साधारण पावणेदोनशे कॅलरी धरल्या तर साडेसहा किलोच्या मुलीला दिवसाला अकराशेच्या आसपास. याच वजनाच्या धडधाकट मुलाला लागतात त्याच्या दुपटीहून जास्त. ते एका बैठकीत जाणार नाही, पोट टिचभर. म्हणून थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. शेजारच्या मुलाचं वजन सात किलो असेल तर त्याचा वाटा वेगळा. पातेलं एकच, पण वाटी प्रत्येकाची स्वतंत्र.

हे सगळं मराठवाड्याला नवं नाही. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये सुरू झालं ते औरंगाबादेतून, आणि त्याआधी तिथले विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात मुलं मोजण्याचा, खरोखर मोजण्याचा, धडाका लावला होता. अशा कामात पहिला अनुभव नेहमी कडू असतो. खरी वजनं घ्यायला लागलात की कुपोषित मुलांचा आकडा आधी वाढतो, कारण कागदावर नसलेली मुलं कागदावर येतात. वाढलेला आकडा पाहून सेविकेला झापणारा साहेब पुढच्या महिन्यापासून फक्त चांगल्या बातम्या ऐकतो.

आता मुख्य अडचण. हा सारा खटाटोप एका खोलीभोवती बांधलेला आहे. अंगणवाडीला गाव असतं, गावाला हद्द असते, सेविकेच्या रजिस्टरात त्या हद्दीतली मुलं असतात. मूल हद्दीबाहेर गेलं की रजिस्टरात शेरा पडतो: स्थलांतरित. आणि जिथं गेलं तिथल्या रजिस्टरात ते नसतंच. ऑक्टोबर ते मार्च, वर्षातले निम्मे महिने, ते मूल सरकारच्या लेखी कुठंच नसतं. हातात कोयता आणि कडेवर मूल घेणारी आई तिथल्या अनोळखी सेविकेकडे जाऊन ‘माझ्या पोरीला द्या’ म्हणेल, अशी आशा धरायची. ती पहाटे तीनला फडात उतरलेली असते.

यावर २०२१ मध्ये महिला व बालविकास विभागानं एक प्रयोग केला. मे ते जुलैमध्ये अमरावती, गडचिरोली, चंद्रपूर, पालघर, नंदुरबार आणि जालना या सहा जिल्ह्यांत. पहिले पाच आदिवासी पट्ट्यांचे म्हणून सहज समजतात. जालना मात्र त्यात का, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रयोगाचं नाव रुक्ष होतं, स्थलांतर ट्रॅकिंग प्रणाली. कल्पना मात्र रुक्ष नाही: अठरा वर्षांपर्यंतचं मूल, गरोदर बाई, स्तनदा माता, प्रत्येकाला स्वतःचा एक क्रमांक. गाव सोडताना इथली सेविका नोंद करते: कोण, कुठं, किती दिवसांसाठी. पोहोचल्यावर तिथल्या सेविकेच्या यादीत ते नाव उगवतं, आहार, लसीकरण, तपासणी यांच्यासकट. परत आलं की पुन्हा इकडे.

दिसायला मोबाइलमधली एक नोंद. पण काय उलटापालट झाली पाहा. आजवर सेवा पत्त्याला जोडलेली होती आणि माणूस पत्त्यावर सापडला तर त्याला मिळत होती. आता ती माणसाला जोडली, पत्ता बदलत राहील.

खरं तर हा विचार आपल्याकडे पाऊणशे वर्षं जुना आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली; ती अंगणवाडी. जी मुलं गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. मूल गुरांमागे आणि शाळा मुलामागे! केंद्र सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. कुरण मात्र वाटेत सुटलं. ते आता ॲपमधून परत येतंय.

धान्याच्या बाबतीत ही उडी जास्त सफाईनं जमली. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे जालन्याचं कार्ड कोल्हापूरच्या दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर चालतं. त्यातली मला सर्वांत आवडणारी सोय अशी, की घरातल्यांनी वाटा फोडून उचलला तरी चालतो: गावाकडे राहिलेली सासू तिकडे थोडं उचलते, फडाजवळच्या कोप्यांवरचं, म्हणजे झोपड्यांतलं, जोडपं इकडे उरलेलं. एकाच कार्डाची दोन ठिकाणची वजाबाकी यंत्र संभाळतं. अर्थात कोयत्यानं घट्टे पडलेला आणि उसाच्या पात्यानं कापलेला अंगठा यंत्राला ओळखू आला तर.

शाळेच्या मुलांसाठी दोन तोडगे आहेत आणि ते एकमेकांच्या उलटे आहेत, यातच गंमत आहे. एक, शिक्षण हमी पत्रक: मूल जाताना शाळेनं हातात द्यायचं, ज्यावरून पुढच्या गावची शाळा त्याला बसवून घेईल. म्हणजे मुलामागे शाळा. दुसरा, हंगामी वसतिगृह: आईबाप गेले तरी मूल गावात राहील, जेवेल, आजीकडे झोपेल, शाळा सुटणार नाही. म्हणजे मूलच जागेवर. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहांच्या पहिल्या टप्प्यात बीड आणि अहमदनगरबरोबर जालनाही होता. बारा वर्षांच्या मुलीला दुसरा तोडगा बरा, सहा वर्षांच्या मुलाला आईपासून सहा महिने तोडणं मात्र मला पटत नाही. कुठल्या घराला कुठला, हे मुंबईत बसून ठरवता येत नाही, त्यासाठी त्या घरात आजी आहे का हे माहीत असावं लागतं.

आणि ते माहीत असतं सेविकेला. सगळी यंत्रणा तिच्या बोटांवर उभी आहे हे २०२१ च्या ऑगस्टमध्ये लख्ख दिसलं. त्या वर्षी ‘पोषण ट्रॅकर’ हे केंद्राचं ॲप आलं, आणि महाराष्ट्रभरच्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल मोर्चे काढून परत केले. फोन जुनाट, तापणारे, दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या मानधनातून, आणि ॲप इंग्रजीत. भाषेचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. एकेका मुलाच्या मापाची सेवा घडवायला निघालेल्या ॲपनं, ती सेवा देणाऱ्या बाईचं माप घेतलंच नव्हतं. चौथी-सातवीपर्यंत शिकून, नंतर रात्री अभ्यास करून दहावी झालेल्या कितीतरी सेविका आहेत. कुठल्याही मुलाचं वजन त्या वहीत न बघता सांगतात. त्यांना इंग्रजी रकाने देणं हा निव्वळ आळस होता.

आता फडाकडे चला, कारण खरी कसोटी तिथं आहे. टोळ्या सगळ्या सारख्या नसतात. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळच्या अड्ड्यावर हंगामभर मुक्काम करतात. शेकडो कोप्या एका जागी, त्यामुळे सेविकेला, नर्सबाईंना त्या सापडतात. डोकी सेंटरच्या टोळ्यांचं तसं नाही. डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणाऱ्या या टोळ्या एका गावचा ऊस संपला की पुढच्या गावात, तिथून त्याच्या पुढच्या. कोपी मोडायची, पुन्हा बांधायची. आपली सोळा महिन्यांची मुलगी अशा टोळीत असेल तर तिचा क्रमांक एका हंगामात अनेक अंगणवाड्यांच्या हद्दी ओलांडणार, आणि दर वेळी कोणीतरी नोंद बदलायला हवी. कोण बदलणार? आईला उद्याचं गाव माहीत नसतं.

पण एका ठिकाणी ते माहीत असतं, आणि तेही आगाऊ! कारखान्याच्या शेतकी विभागात कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या गटात कुठल्या तारखेला कुठल्या जातीची लागण झाली, याची नोंद असते. त्यावरून तोडीचा क्रम लागतो, स्लिप निघते, टोळी ठरते. वजनकाट्यावर प्रत्येक खेपेचं वजन किलोच्या हिशेबात टिपलं जातं, आणि कुठला ऊस कुठल्या फडातून कुणी आणला हे हंगाम संपल्यावरही सांगता येतं. त्या स्लिपवर टोळीचा नंबर, वाहनाचा नंबर, मुकादमाचं नाव असतं. टोळीत सहा वर्षांखालची मुलं किती, हा एक रकाना तिच्यावर वाढवायचा आणि ती यादी रोज संध्याकाळी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात पाठवायची.